ठाण्यापर्यंतची दौलत

आमच्या ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही. लक्ष्मीही बहुधा फास्टनेच जात असावी. कल्याण-डोंबिवलीला उतरते, आम्हाला नुसता वारा लागतो.

हे गाऱ्हाणं मी शेजारच्या मास्तरांपुढे मांडलं. मास्तर निवृत्त आहेत आणि शब्दांची कुळं शोधत बसतात. म्हणाले, "मंगोल भाषेत श्रीमंताला 'बायान' म्हणतात, आणि मांचू भाषेतही 'बायान'च!"

"म्हणजे श्रीमंती दोघांच्या सामाईक मालकीची!" मी म्हटलं. "आणि आपली दौलत?"

"ती अरबी. फारसीचा हात धरून आपल्याकडे आली. मूळ अर्थ फिरणं, आळीपाळीनं येणं. आज याची पाळी, उद्या त्याची. सत्तेची पाळी म्हणून राज्य; मराठी दौलत म्हणायचे ना? तुर्कीत 'देवलेत' म्हणजे आजही राज्यच. आणि फिरतं नशीब म्हणून पैसा. तुघलकानं देवगिरीचं दौलताबाद केलं, 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून तिकडे हलवली आणि काही वर्षांतच परत फिरला. अहो, नावातच लिहिलं होतं!"

मी हसलो खरा, पण आत काहीतरी टोचलं. कारण सकाळचीच गोष्ट.

लोकलचा एक अलिखित कायदा आहे. बसलेल्यानं ठाण्याला उठायचं आणि उभ्याला बसवायचं. वर्षानुवर्षं मी याच कायद्यावर बसत आलो. त्या दिवशी मात्र उलटा कल्याणला जाऊन खिडकी पटकावली, आणि ठाणं येताच मला गाढ झोप लागली! समोर उभ्या पोराचा डबा गुडघ्याला लागत होता, तरी मी जागा झालो नाही. घोरायचाही विचार होता. मनाशी म्हटलं, कष्टानं मिळवलीय, माझी आहे.

जगातले सगळे धनिक हेच म्हणत असतील, नाही? पाळी आपल्याकडे आली की तिला हक्क म्हणायचं, आणि दुसऱ्याला द्यायची वेळ आली की दान.

दुसऱ्या दिवशी कळव्यालाच उठलो. त्याच पोराला म्हटलं, "बस." तो बसला. आभारबिभार काही मानले नाहीत. क्षणभर राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे. पाळीचे कुणी आभार मानतं का?