एकच आकडा

उजनीच्या फुगवट्याकाठी, इंदापूर तालुक्यातल्या एका गावात सासू-सुनेनं एकाच दिवशी रक्त तपासायला दिलं. सासूनं सत्तरी ओलांडलेली, सुनेला दुसरा महिना. सासूला थकवा जाणवत होता, सुनेची बाळंतपणाआधीची तपासणी होती. रिपोर्ट आले आणि दोघींचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, निघाला 7.

गावातल्या डॉक्टरांकडे त्या दिवशी बाजारामुळे ओट्याखालपर्यंत रांग होती. त्यांनी दोन्ही कागदांवरचा आकडा पाहिला. छापलेल्या मर्यादेपेक्षा तो जास्त होता. दोघींना थायरॉक्सिनची 75 ची गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मुलानं मेडिकलमधून दोघींत मिळून एकच बाटली आणली.

सासू पहाटे उठायची, चूळ भरून रिकाम्या पोटी गोळी घ्यायची. सुनेला सकाळी मळमळायचं, म्हणून ती दुधाच्या चहाबरोबर गोळी घ्यायची. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी विसरायला नको, म्हणून तीही त्याच घोटाबरोबर.

दीड महिन्यानं सुनेचा आकडा जिथल्या तिथं. डॉक्टरांनी तिची गोळी 100 ची केली. सासूचं रक्त परत कुणी तपासलंच नाही. तिला रात्री छातीत धडधडायचं, हात कापायचे, झोप लागायची नाही. "वयच झालंय माझं," म्हणून ती गप्प राहिली. एकदा अंगणात चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा मुलानं दोघींना गाडीत घालून बारामती गाठली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी विचारपूस केली. वय किती, कितवा महिना, गोळी कधी घेता, कशाबरोबर घेता. मग पुन्हा रक्त तपासलं. सासूचा टीएसएच 0.1 वर घसरला होता, म्हणजे गोळी जास्त झाली होती. सुनेच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली.

बाईंनी सासूची गोळी बंद केली. सुनेची पुन्हा 75 वर आणली, ती पहाटे नुसत्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितली, चहा त्यानंतर तासाभरानं, आणि लोहाची गोळी थेट रात्री. शिवाय दर चार आठवड्यांनी तपासणी.

मुलगा चक्रावला. "मॅडम, आकडा तर दोघींचा सारखाच होता. मग एकीची चालू आणि एकीची बंद कशी?"

"शेती काय आहे तुमची?"

"ऊस आणि थोडं डाळिंब."

"कालव्याची पाळी आली, की उसाला आणि ताणावर सोडलेल्या डाळिंबाला सारखंच पाणी देता?"

मुलगा हसला. "डाळिंबाचा बहारच जाईल की मग!"

"तसंच आहे हे. उतारवयात टीएसएच थोडा चढतोच. मूळ थायरॉइड हार्मोन व्यवस्थित असेल, तर सातला बहुधा गोळी लागत नाही. युरोपातल्या चार देशांत पासष्टीपुढच्या 737 जणांवर अभ्यास झाला, 2017 साली तो छापून आला. गोळी घेणाऱ्यांचा थकवा न घेणाऱ्यांपेक्षा कमी झाला नव्हता. उलट गोळी जास्त झाली, तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं झिजतात. पोटातल्या बाळाचं मात्र वेगळं. त्याची स्वतःची ग्रंथी नीट कामाला लागेपर्यंत निम्मं गरोदरपण सरतं. तोवर ते आईच्याच हार्मोनवर वाढतं. म्हणून तिची गोळी चुकवायची नाही. आणि लोहानं ती पोटातच अडवून धरली होती, तर डोस वाढवून काय उपयोग?"

"म्हणजे आमच्या डॉक्टरांनी नियम पाळला नाही?"

"आकडा मर्यादेबाहेर गेला की लक्ष द्यायचं, एवढा पाळला. पण वय बघा, गरोदरपण बघा, डोस वाढवण्याआधी गोळी कशी घेतली जाते ते विचारा, हेही थायरॉइडच्या त्याच मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय. मी माझ्या पदरचं काही सांगितलेलं नाही."

दोन महिन्यांत सासूची धडधड थांबली. तिचा टीएसएच पुन्हा सहाच्या पुढे गेला आणि बाईंनी तो तसाच राहू दिला. सुनेचा आकडा मात्र पहिल्याच महिन्यात खाली आला, तोही कमी डोसवर.

मुलानं बारामतीचा कागद गावातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवला. त्यांना राग आला नाही. त्यांनी कंपाउंडरला बोलावून सांगितलं, की थायरॉइडचा रिपोर्ट आत आणण्याआधी त्यावर तीन गोष्टी लिहायच्या: वय, दिवस गेलेत का, आणि गोळी कशाबरोबर घेतली जाते. रांग तेवढीच राहिली. वाढत चाललेले कितीतरी डोस मात्र नुसती चहाची वेळ बदलल्यावर जागीच थांबले.

बोध: नियमाची पहिली ओळ पाळून पुढची पानं सोडून देणं म्हणजे नियम मोडणंच. आकड्यावर औषध लिहिण्याआधी तो आकडा कुणाचा आहे, हे विचारावं.