वास्तू की वहिवाट?

गिरगावातल्या खोताच्या वाडीत किंवा वरळीच्या कोळीवाड्यात रहिवासी एखाद्या बांधकामाला हरकत घेतात, तेव्हा त्यावरची चर्चा ठरलेल्या वळणानेच जाते. विकास हवा की वारसा, एवढाच प्रश्न विचारला जातो. ज्याने त्याने आपला पक्ष निवडला की चर्चा संपते. हरकत नेमकी कशाबद्दल आहे, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

गौरवशाली परंपरेची भाषणे करणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना परंपरा हवी असते, ती जगणारी माणसे नको असतात. पण एक आक्षेप टाळता येत नाही. तो असा : मुंबईत घरे कमी आणि गरजू अनेक, ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे ते वारशाच्या नावाखाली नवी घरे अडवतात आणि त्याची किंमत घर नसलेल्यांना मोजावी लागते. थोडक्यात, वारसा हे मालमत्तेच्या हितसंबंधाचे सोज्वळ नाव.

या आक्षेपात तथ्यच नाही, असे मी म्हणणार नाही. खिडकीतून दिसणारा समुद्र झाकला जाईल, गाडी लावायला जागा उरणार नाही, एवढ्यासाठी घेतलेल्या हरकतीही असतात. पण आक्षेपक पुढचे पाऊल पुराव्याशिवाय टाकतात. वाडी पडली की गरजूला घर मिळते, हे ते गृहीतच धरतात. चाळींच्या जागी उठलेल्या टॉवरमध्ये मूळ भाडेकरूंचे पुनर्वसन झाल्यावर विक्रीला निघालेली घरे कोणाला परवडतात, हे गिरगाव-लालबागमध्ये कोणालाही विचारावे. शिवाय त्यांना हितसंबंध फक्त रहिवाशांचा दिसतो. विकासकाचा हितसंबंध मात्र ‘घरांचा पुरवठा’ ठरतो. आणि जिथे हरकतीमागे मालकी नाहीच, तिथे काय म्हणायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही.

वरळीचेच पाहा. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून बोटी न्यायच्या, तर दोन खांबांत पुरेसे अंतर हवे, असे तिथले मच्छीमार सांगत होते. आराखड्यात हे अंतर ६० मीटर होते. वारा आणि लाटा यांच्या माऱ्यात एवढ्या फटीतून बोट सुखरूप जाणार नाही, हा त्यांचा अनुभवाचा मुद्दा होता. आंदोलने झाली, काम अडले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये अंतर १२० मीटर करायचे ठरले. मागितले होते त्याहून कमी, पण आधीच्या दुप्पट. इथे कोणाच्या फ्लॅटची किंमत वाढणार होती? समुद्र कोणाच्याही सातबाऱ्यावर नाही. त्याच कोळीवाड्याच्या टोकाला वरळीचा किल्ला आहे. तो वारसा आहे, याबद्दल दुमत नाही. पण कोळीवाड्यात जाळी विणायची, मासळी सुकवायची मोकळी जागा नकाशावर नुसती रिकामी दिसते, आणि रिकामी दिसणारी जागा बांधायलाच ठेवलेली आहे, असे समजले जाते.

म्हणून मला वास्तू आणि वहिवाट यांत फरक करणे अगत्याचे वाटते. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीने वास्तूंना आणि परिसरांना श्रेणी दिल्या. ते मोठेच काम होते. मात्र श्रेणी देताना पाहिले गेले ते प्रामुख्याने बांधलेले रूप. २०१२ मध्ये नव्या यादीत शिवाजी पार्कचा परिसर घेण्याचे ठरले, तेव्हा तिथल्या अनेक रहिवाशांनीच विरोध केला. त्यांना वारशाचे प्रेम नव्हते, असे मी मानत नाही. जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडकेल, ही त्यांची धास्ती होती. इमारती बदलोत, पण मैदान सर्वांसाठी मोकळे राहो, ही भूमिका वास्तूच्या भाषेत मांडताच येत नाही. वहिवाटीच्या भाषेत ती सहज मांडता येते.

अर्थात, वहिवाट आहे एवढ्याने ती राखण्याजोगी ठरत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करणाऱ्यांनीही वहिवाटीचाच आधार घेतला होता. १९२७ च्या सत्याग्रहानंतर तो वाद कोर्टात गेला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. ही कसोटी आजही लावली पाहिजे. इतरांना बाहेर ठेवणारी वहिवाट मोडलीच पाहिजे. मालकी नसलेल्यालाही वावर देणारी वहिवाट राखली पाहिजे. खासगी वास्तूचा लाभ मुख्यतः मालकाचा असतो. बंदराची वाट, वाडीतली मोकळी गल्ली, खेळाचे मैदान यांचा लाभ वापरणाऱ्या प्रत्येकाचा असतो. हितसंबंधाचा आरोप नेमका इथेच लंगडा पडतो.

एखाद्या इमारतीला परवानगी देण्यापूर्वी शेजाऱ्यांना विचारण्याची पद्धत आपल्याकडे साधारणपणे नाही. बोलण्याची हक्काची संधी येते ती मुख्यतः विकास आराखड्याच्या प्रारूपावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा. ती वापरली तर फरक पडतो. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचे पहिले प्रारूप २०१५ मध्ये लोकांच्या हरकतींमुळे मागे घेऊन नव्याने करावे लागले. मात्र हरकतीच्या अर्जात ‘आमचा वारसा जपा’ एवढेच लिहू नका. त्या जागेवर कोण, केव्हा, काय करते आणि प्रस्तावानंतर त्यांतले काय बंद पडेल, हे नावानिशी, वेळेनिशी लिहा. जे नकाशावर नाही, ते अर्जात तरी आले पाहिजे.