गहाण पडलेला वेळ

शास्त्रभाग : इफिसकरांस पत्र ५ : १५, १६, अनुवाद ५ : १२-१५



वेळ व्यर्थ दवडू नये, हा उपदेश आपल्या मंडळ्यांतून वारंवार होतो, आणि तो ऐकून पुष्कळ श्रोते मनातल्या मनात म्हणतात, "आमचा वेळ आमच्या हाती आहे कोठे?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्या जोडप्याने ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतली, त्याचा दिवाळीनंतरचा प्रत्येक दिवस कोयत्यास बांधलेला असतो. ऊस भरावयाची गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठावे लागते. ज्याच्या विहिरीवरील मोटारीस रात्रीची वीज मिळते, तो थंडीत कंदील घेऊन दारे धरावयास जातो. अशा मनुष्याच्या हाती सुरेख वेळापत्रक देणे म्हणजे उपाशी माणसास पंगतीचे नियम शिकविणे होय.

परंतु प्रेषित पौलाचे म्हणणे नीट पाहा. वेळेविषयी लिहिताना त्याने मूळ ग्रीक भाषेत जो शब्द योजिला आहे, त्यात मोल देऊन सोडवून घेणे हा भाव आहे. गहाण पडलेले शेत आपण सोडवितो, सावकाराच्या पेटीतील डोरले सोडवून आणतो, तसाच वेळही सोडवून आणावयाचा आहे. ज्या मंडळीस त्याने हे लिहिले तीत दासही होते, कारण पुढच्याच अध्यायात तो त्यांस उद्देशून बोलतो. म्हणजे हा बोध ज्यांस सवड आहे त्यांच्याचसाठी नव्हे, ज्यांचा दिवस दुसऱ्याने विकत घेतला आहे त्यांच्यासाठीही आहे.

वेळ गहाण पडणे म्हणजे काय, हे इस्राएल लोक जाणून होते. परमेश्वराची उपासना करण्यास त्यांनी मिसर देशात सवड मागितली, तेव्हा फारोने त्यांस आळशी ठरविले, विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले, आणि विटांची संख्या मात्र तीच ठेविली. पुढे देवाने त्यांस सोडविल्यावर शब्बाथाची आज्ञा दिली. अनुवादात तिचे कारणही सांगितले आहे : तू मिसरात दास होतास, याची आठवण ठेव. म्हणून तो विसावा घरधन्यापुरता नाही. दास, दासी, परदेशी, बैल आणि गाढव, या सर्वांस तो मिळाला पाहिजे.

सन ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी याने बादशहा त्राजान यास ख्रिस्ती लोकांविषयी पत्र लिहिले. हे लोक एका ठराविक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात व ख्रिस्तास देव मानून त्याचे स्तवन गातात, असे त्याने चौकशीअंती कळविले. त्या चौकशीत ज्यांचा छळ झाला, त्यांत मंडळीच्या सेविका म्हणविल्या जाणाऱ्या दोन दासी होत्या. दिवस उजाडला की दासीचा वेळ धन्याचा; परंतु उजाडण्यापूर्वीची ती घटका या लोकांनी झोपेचे मोल देऊन सोडविली होती. आपल्या प्रभूनेही असेच केले. कफर्णहूमात सूर्य मावळल्यावरही तो दुखणाइतांत गुंतला होता, तरी दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे तो एकांती प्रार्थनेस गेला. सर्व लोक तुला शोधत आहेत, असे शिमोनाने सांगितले, तरी तो मागे फिरला नाही. पुढच्या गावांकडे निघाला. कोणते काम करावे व कोणते सोडावे, याचा निर्णय गर्दीने करावयाचा नसतो. तो पित्याच्या चरणी होतो.

आता आपल्या घरात डोकावून पाहू. पुष्कळ घरांत सर्वांच्या आधी कोण उठते व सर्वांच्या मागून कोण निजते? पुरुष शास्त्र उघडून बसतो तेव्हा चुलीपाशी कोण असते? पाणी, भाकरी, गुरे व मुले यांतून जिला उपासनेची घंटा ऐकावयासही उसंत नसते, तिच्या श्रमावर जर आपला भक्तीचा नेम उभा असेल, तर आपण आपला वेळ सोडविला नाही. तिचा गहाण टाकला. फारोच्या घरी हीच रीत होती. सोडवणुकीचे मोल ज्याचे त्याने द्यावे. आपल्यापाशी ते नाही असेही नाही, कारण आपला सगळाच वेळ काही मुकादमाने नेलेला नसतो. पारावरच्या निंदेत आणि हातातल्या मोबाईलात जी घटका जाते, ती आपणच होऊन गहाण टाकलेली असते. तीच प्रथम सोडवावी.

म्हणून आमची विनंती अशी की, शनिवारी सायंकाळी सर्व घराने एकत्र बसावे. रानात इस्राएल लोक सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना गोळा करीत, तसे रविवारचे पाणी, सरपण व दळण आदल्या दिवशीच करून ठेवावे, आणि त्यातील कोणते काम पुरुषाने व कोणते मुलाने करावयाचे ते ठरवावे. ज्याच्या घरी गडी अथवा मजूर आहे, त्याने त्यासही विसावा द्यावा, आणि त्या विसाव्याची मजुरी कापू नये. रोजची एक घटका, लहान का असेना, पण ठरलेली, प्रार्थनेसाठी राखावी. उसाच्या फडात गेलेल्या बंधुभगिनींनी ती कोपीच्या दाराशी, गाडीची वाट पाहतानाही राखावी. गावी राहिलेल्या मंडळीने त्याच घटकेस त्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी. पाळी चुकली तर निराश होऊ नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

ज्याने आम्हांस आपल्या रक्ताचे मोल देऊन सोडविले, त्याच्या हाती आमचे सर्व दिवस आहेत. तो आम्हांस आमच्या दिवसांचा हिशेब शिकवो, आणि आमच्या घरात कोणाचाही दिवस आमच्यामुळे गहाण न पडो. आमेन.