झाकलेला सांधा

खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवा. दोन लाकडं मिळतात, तिथे बोट थबकतं. तो सांधा.

डेन्मार्कचे हान्स वेगनर मुळात सुतारकाम शिकलेले. 1949 सालच्या त्यांच्या गोल पाठीच्या खुर्चीत सांधा वेत गुंडाळून झाकला होता. पुढे तो बदलला. लाकडाला नागमोडी दाते पाडले. एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसले. मग वेत उतरला. सांधा उघडा राहिला आणि, मला वाटतं, खुर्ची तिथेच सर्वांत देखणी झाली.

मंडळी, माणसामाणसांतही सांधा असतोच. बिनसलं की आपण त्यावर गोड शब्द गुंडाळतो. सांधा झाकला जातो, बसत मात्र नाही. त्यासाठी समोर बसून बोलावं लागतं, आपला हट्ट थोडा तासावा लागतो. ज्यांच्याशी बिनसलंय, असं कुणी आठवतंय? आज त्यांना फोन करा.