अक्षरात वस्तू मावते का?

शब्दाच्या घडणीतच वस्तूचे स्वरूप सांगता आले तर माणसांमधले वाद मिटतील का? जॉन विल्किन्स या इंग्रज धर्मगुरूला तशी आशा होती. इंग्लंडमधले धर्मपंथांचे रक्तपाती भांडण त्याने पाहिले होते. १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने एक तात्त्विक भाषाच रचली आणि भारदस्त शब्दांआड लपलेल्या धार्मिक चुका ती उघड्या पाडील, असे अर्पणपत्रिकेत म्हटले. रचना मोठी देखणी आहे. विश्वाचे ४० मुख्य वर्ग आणि प्रत्येक वर्गाला एक अक्षर. त्याला व्यंजन जोडले की पोटभेद कळतो, पुढे स्वर जोडला की त्यातला प्रकार. ‘दे’ म्हणजे मूलतत्त्व, ‘देब’ म्हणजे अग्नी, ‘देबा’ म्हणजे ज्वाला. शब्द कानावर पडताच वस्तूची व्याख्याही हाती यावी, ही कल्पना.

पण ‘देब’ उच्चारणारा माणूस नुसते अग्नीचे नाव घेत नाही, अग्नी हे मूलतत्त्व आहे अशी साक्षही देतो. पुढच्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्राने ती साक्ष खोटी ठरवली. विल्किन्सने देवमासाही माशांतच बसवला होता. यावर कोणी म्हणेल, तक्ते सुधारावेत आणि शब्द बदलावेत. मग दर शोधानंतर जुनी पुस्तके वाचेनाशी होतील, आणि नव्या मताचा माणूस जुन्या मताच्या माणसाशी वाद तरी कोणत्या शब्दांत घालणार? मराठीतल्या ‘देवमासा’ शब्दातही तीच चूक आहे. तरी तो प्राणी सस्तन आहे हे वाक्य आपण बिनदिक्कत लिहितो, कारण इथे शब्द वस्तूकडे बोट दाखवतो, तिची हमी घेत नाही. शिवाय विल्किन्सच्या रीतीत जवळच्या वस्तूंना जवळचे शब्द मिळतात, म्हणजे जिथे फरक कळायला हवा नेमका तिथेच कान फसतो. खुद्द विल्किन्सनेच ग्रंथात एके ठिकाणी ट्यूलिपच्या जागी सातूचा शब्द लिहिला आहे!

हा पेच आपल्या परंपरेला नवा नाही. सगळी नामे क्रियावाचक धातूंपासून निघतात, हे शाकटायन या प्राचीन वैयाकरणाचे मत यास्काने ‘निरुक्त’ या आपल्या व्युत्पत्तिग्रंथात मांडले आणि गार्ग्याचा आक्षेपही तिथेच नोंदवला. रस्ता आक्रमतो म्हणून घोडा ‘अश्व’ असेल, तर रस्ता आक्रमणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणू नये? टोचते ते सगळे ‘तृण’ का नव्हे? यास्काचे उत्तर असे की एकच क्रिया करणाऱ्यांपैकी काहींना ते नाव मिळते, काहींना मिळत नाही. लाकूड तासणारा प्रत्येक जण ‘तक्षा’ म्हणवला जात नाही. यास्क शाकटायनाच्या बाजूचा, पण या उत्तरात मोठी कबुली आहे असे मला वाटते. व्युत्पत्ती वस्तूचा एखादा गुण उचलते. नाव कोणाला लागायचे ते वापर ठरवतो.

मग शब्दघडणीचे कडक नियम व्यर्थच का? तसे नाही. १९८७ पासून घडत गेलेल्या लोजबान या कृत्रिम भाषेत मूळ शब्द पाच ध्वनींचा असतो, त्याचे साचे दोनच, आणि शेवटी नेहमी स्वर: ‘गेर्कू’ म्हणजे कुत्रा, ‘क्लामा’ म्हणजे जाणे-येणे. विशेषनाम मात्र व्यंजनाने संपते. बोलण्याच्या ओघात एक शब्द कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला आणि तो कोणत्या जातीचा, हे त्यामुळे कळते. कुत्रा म्हणजे काय, यावर हे नियम एक अक्षर बोलत नाहीत, म्हणून प्राणिशास्त्र कितीही बदलले तरी त्यांना धक्का लागत नाही. विल्किन्सने हेच काम जगाच्या वर्गीकरणाला जुंपले आणि तिथे तो फसला.

धर्माच्या वादातही हेच होते. विल्किन्सच्या तक्त्यात ईश्वर, जग आणि मूलतत्त्व या तीन वर्गांच्या अक्षरांत केवळ स्वराचा फरक आहे. जग ईश्वराहून वेगळे आहे, हे त्या स्वराने आधीच ठरवून टाकले. अद्वैत्याने आपला पक्ष या भाषेत मांडायचा तर आरंभीच तिचे व्याकरण नाकारावे लागेल. एका बाजूचा निकाल शब्दांतच कोरून ठेवणारी भाषा वाद मिटवत नाही, दुसऱ्या बाजूचे तोंड बंद करते.