छतावर काय बसवायचं नाही

तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात मी घडीच्या शिडीवर उभा होतो. खाली इन्चार्ज सिस्टर काडेपेटीएवढा पांढरा टॅग गळ्यात अडकवून उभ्या होत्या आणि माझा सहकारी काउंटरवर लॅपटॉप उघडून बसला होता. "सिस्टर, सात नंबरच्या बेडपाशी थांबा," मी म्हणालो. त्या थांबल्या. "जनरल वॉर्ड," सहकाऱ्याने वाचून दाखवलं. बरोबर होतं. मग सिस्टरच म्हणाल्या, "थांबा सर, रात्री आम्ही पडदा ओढून घेतो ना." त्यांनी बेडभोवतीचा हिरवा पडदा ओढला. पंधरा-वीस सेकंद गेले. "सर, आता ट्रीटमेंट रूम दाखवतंय."

त्याच वॉर्डातल्या रात्रपाळीच्या एका सिस्टरला आठवड्यापूर्वी मेमो मिळाला होता. पेशंट सोडून चाळीस मिनिटं ट्रीटमेंट रूममध्ये बसून राहिल्याबद्दल. त्या चाळीस मिनिटांत ती सात नंबरच्या आजोबांपाशी होती. त्यांचं बीपी पडत होतं आणि दर दहा मिनिटांनी तिने लिहिलेले आकडे केस पेपरवर तिच्याच अक्षरात होते. मेमो काढताना कुणी केस पेपर मागवला नाही. टॅगच्या सिस्टिमचा रिपोर्ट पुरेसा वाटला.

कारण सापडलं ते अगदी साधं होतं. सात नंबरच्या बेडच्या उशाकडची भिंत अर्धी विटांची आणि वर काचेची आहे. काचेपलीकडे ट्रीटमेंट रूम. टॅगमधून निघणारा इन्फ्रारेड प्रकाश विटांतून जात नाही, जाड कापडातून जात नाही, पण साध्या काचेतून आरपार जातो. सिस्टरने पेशंटची आब राखायला पडदा ओढला, तसा वॉर्डाच्या छतावरच्या रिसीव्हरला तिचा टॅग दिसेनासा झाला आणि काचेपलीकडच्या रिसीव्हरला दिसत राहिला. तो रिसीव्हर तिथे मीच बसवून घेतला होता. रुग्णालयाचा बायोमेडिकल विभाग मी सांभाळतो, छताचा नकाशा माझ्या सहीने गेला होता. मेमो मागे घेतला गेला. पण त्या संध्याकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

इमारतीत माणसाचा ठावठिकाणा ठेवणारी यंत्रणा बसवायची तर इन्फ्रारेड आणि रेडिओ दोन्ही का लागतात, हे आधी सांगतो. रेडिओलहरी भिंतीतून जातात. त्यामुळे टॅगची हाक कुठूनही ऐकू येते, पण हाक नेमकी कुठल्या खोलीतून आली हे खात्रीने सांगता येत नाही. पंप तीनशे एकमध्ये आहे की भिंतीपलीकडच्या तीनशे दोनमध्ये, यावर रेडिओ गोंधळतो. इन्फ्रारेडचं उलट. तो भिंतीपाशी अडतो, खोलीत मात्र भिंतींवरून, छतावरून उसळून सगळीकडे पसरतो, म्हणून टॅग नेमका रिसीव्हरकडे रोखून धरावा लागत नाही. भिंत आहे म्हणूनच इन्फ्रारेडला खोली कळते. म्हणून बाजारातले बरेच टॅग दोन्ही वाटांनी बोलतात: खोली इन्फ्रारेडने कळते, आणि तो झाकला गेला तर निदान मजला तरी रेडिओने.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. शिडीवर चढलं की कळतं, पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट रिसीव्हरवर आलं तर तो आंधळा होतो. काही ट्यूबलाइटच्या इलेक्ट्रॉनिक चोकचा त्याला त्रास होतो. ओळखपत्र उलटं फिरलं की टॅग छातीकडे तोंड करून बसतो. आणि आमच्या वॉर्डांतल्या आया, म्हणजे मावशी, साडी नेसतात. पदराआड गेला की टॅग मुका.

या सगळ्याची सुरुवात रुग्णालयात झाली नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजला ऑलिव्हेटी कंपनीची एक संशोधन प्रयोगशाळा होती. तिथे रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९च्या सुमारास 'अॅक्टिव्ह बॅज' बनवायला घेतला आणि १९९२ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मोबाइल अजून खिशात आला नव्हता आणि फोन आला की रिसेप्शनवरच्या व्यक्तीला माणूस शोधत बसावं लागे, हा त्यांचा प्रश्न होता. बॅज दर पंधरा सेकंदांनी, सेकंदाच्या दहाव्या भागापुरता, आपला क्रमांक इन्फ्रारेडमध्ये सांगायचा. दोन बॅज नेमके एकाच वेळी बोलले तर? त्यावरचं त्यांचं उत्तर मला फार आवडतं. स्वस्त सुटे भाग कधीच अगदी सारखे चालत नाहीत, त्यामुळे एकदा टक्कर झाली तरी दोन्ही बॅज आपसूक एकमेकांपासून सरकत जातात. अंधारात, म्हणजे ड्रॉवरमध्ये टाकला, की बॅटरी वाचवायला तो आपली गती कमी करी.

पण मला बोलायचं आहे ते त्या शोधनिबंधात छापलेल्या एका तक्त्याबद्दल. रिसेप्शनच्या स्क्रीनवर दिसे तसा तो आहे. नाव, जवळच्या फोनचा नंबर, खोली, आणि शेवटच्या रकान्यात टक्केवारी. माणूस एका जागी स्थिर असेल तर शंभर टक्के. इकडेतिकडे फिरत असेल तर आकडा उतरतो. पाच मिनिटं दिसलाच नाही तर टक्केवारी जाऊन शेवटचा दिसल्याची वेळ येते, दिवस उलटला तर वाराचं नाव, आणि आठवडा गेला की 'बाहेर'. यंत्रणा दर ओळीला कबूल करते की मला एवढंच ठाऊक आहे. त्याच तक्त्यात प्रयोगशाळेचे संचालक हॉपर यांचंही नाव इतरांच्या रांगेत आहे. साहेब कुठे आहेत हे सगळ्यांना दिसत होतं.

आमच्याकडे आलेल्या रिपोर्टात खोली होती, मिनिटं होती, टक्केवारी नव्हती. अंदाज होता त्याची नोंद झाली, नोंदीचा पुरावा झाला, आणि पुराव्याचा मेमो. टॅग फक्त सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशींच्या गळ्यात होते. सल्लागार डॉक्टरांना टॅग दिलेच नव्हते, आणि प्रशासनाच्या मजल्यावर तर एकही रिसीव्हर नव्हता. मी नकाशावर सही केली तेव्हा हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला खटकलं नाही, याची मला खंत आहे.

केंब्रिजमध्येच रँक झेरॉक्सची 'युरोपार्क' नावाची दुसरी प्रयोगशाळा होती. तिथे हे बॅज वापरून 'पीप्स' नावाची एक सोय केली होती. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यांच्यावरून ते नाव. बॅजच्या नोंदींवरून दिवसअखेर तुमची रोजनिशी आपोआप तयार होई: अमुक वेळी स्वतःच्या खोलीत, नंतर तमक्याबरोबर बैठक. ती ज्याची त्याच्यासाठी होती. त्याच प्रयोगशाळेतल्या व्हिक्टोरिया बेलोटी आणि अॅबिगेल सेलन यांनी १९९३ मध्ये लिहून ठेवलं की अशा इमारतीत माणसाला दोन गोष्टी मिळायला हव्यात: आपल्याबद्दल काय टिपलं जातंय हे कळणं आणि ते थांबवता येणं. रिचर्ड हार्पर यांनी तर लोक बॅज का लावतात आणि का लावत नाहीत एवढ्याच प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की बॅज लावणं न लावणं माणसाच्या तिथल्या कामाशी आणि इतरांशी असलेल्या नात्याशी बांधलेलं आहे. म्हणजे ज्यांनी ही वस्तू घडवली आणि वापरली, त्यांनी तिच्यातली धोक्याची जागा तेव्हाच ओळखली होती. तीस वर्षांनी आपण ती वस्तू विकत घेतली, ते शहाणपण घ्यायचं मात्र राहून गेलं.

कुणी म्हणेल, मग यंत्रणाच नको. मला तसं अजिबात वाटत नाही. सिरिंज पंप, इन्फ्यूजन पंप, सक्शन मशीन, व्हीलचेअर यांना टॅग लावल्यावर आमच्या इमारतीत काय बदललं ते मी पाहिलं आहे. पूर्वी रात्री आयसीयूला पंप हवा असला की वॉर्डबॉय चार मजले हिंडायचा. पंप कमी नव्हते. दिलेला पंप परत मिळेल याची खात्री नसल्यामुळे प्रत्येक वॉर्ड एखादा पंप कपाटात लपवून ठेवायचा. ज्या सिस्टरने लपवला तिला मी दोष देणार नाही, तिला तिच्या पेशंटची काळजी होती. टॅग लागल्यावर पंप कुठे आहे हे सगळ्यांना दिसू लागलं आणि लपवायची गरजच संपली. नवजात बाळाच्या पायाला बांधलेला टॅग दाराबाहेर जाताच अलार्म वाजवतो, त्यालाही माझा मनापासून पाठिंबा आहे. पंपाला मान-अपमान नसतो, आणि बाळाच्या आईला त्या टॅगमुळे झोप लागते.

माणसाच्या गळ्यातल्या टॅगचंही एक रूप मला हवं आहे. कॅज्युअल्टीत नातेवाइकांचा जमाव अंगावर येतो तेव्हा काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. महाराष्ट्राने २०१० मध्येच वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, पण कायदा दुसऱ्या दिवशी कामी येतो. त्या क्षणी कामी येते टॅगवरची कळ: दाबली की सुरक्षारक्षकाला खोलीचा नंबर कळतो. असा टॅग एरवी गप्प राहू शकतो. दाबेपर्यंत त्याने काहीच सांगायचं कारण नाही. तसा तो बनवताही येतो. आम्हाला आलेला टॅग मात्र कळ असूनही दिवसभर बोलत होता, कारण तसा तो मागवला होता.

"सीसीटीव्ही आहेच, अंगठ्याची हजेरी आहेच, मग यातच काय वाईट?" हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला. सीसीटीव्हीचं चित्रण कुणीतरी बसून बघावं लागतं, आणि बघणाऱ्याला ओढलेला पडदा दिसतो, सिस्टरच्या हातातला बीपीचा पट्टा दिसतो. अंगठा दोनदा लागतो, येताना आणि जाताना. टॅग मात्र माणसाचा आपोआप तक्ता करतो, आणि तक्त्यात पडदा दिसत नाही. मावशी जिन्यात कुणाच्या रडणाऱ्या सुनेजवळ बसल्या असतील तर तक्त्यात 'जिना, अठरा मिनिटं' एवढंच येईल. रुग्णालयातली निम्मी माया अशाच जागी घडते.

आणि भिंतीबाहेर काय चाललंय तेही पाहावं. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, चंडीगढमध्येही तेच झालं आणि तिथल्या कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. रस्त्यावर तर जीपीएसला भिंतीची अडचणही नसते, आभाळ दिसलं की पुरे. इथेही पट्टा बांधला गेला तो झाडू मारणाऱ्याच्या हाताला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा आहे. म्हणजे सिस्टर 'नको' म्हणाली तरी त्या नकाराचं वजन कायद्याच्या तराजूत फारसं पडेल असं मला दिसत नाही.

म्हणून माझा भरवसा धोरणाच्या कागदावर नाही. 'ही माहिती हजेरीसाठी वापरली जाणार नाही' असं एक वाक्य आमच्याही परिपत्रकात होतं. प्रशासक बदलतात, परिपत्रकं बदलतात, आणि साठलेली माहिती समोर दिसत असली की तिचा मोह कुणालाही होतो. न बसवलेल्या रिसीव्हरचा दुरुपयोग मात्र कुणालाच करता येत नाही. रिसीव्हर नाही तिथे इन्फ्रारेड भिंतीपाशी थांबतो आणि विरून जातो. रेडिओचं तसं नाही. तो भिंत ओलांडतो, म्हणून माणसाच्या टॅगमधला रेडिओ कळ दाबल्याशिवाय उठताच कामा नये. विटांच्या भिंतीने आजवर कामगारालाही थोडी आड दिली होती: कपडे बदलायला, डबा खायला, दोन मिनिटं डोळे टिपायला. तिच्यावर डोळा बसवायचा की नाही, हे छताचं काम करतानाच ठरतं.

मेमोच्या प्रकरणानंतर आम्ही पुन्हा बसलो. या वेळी मेट्रन होत्या, दोन सिस्टर होत्या आणि मावशींच्या वतीने एक मावशी. मी नकाशा टेबलावर पसरला आणि रिसीव्हर कुठे हवेत हे विचारण्याआधी कुठे नकोत हे विचारलं. चेंजिंग रूम, डबा खायची खोली, स्वच्छतागृहं ही नावं सगळ्यांनीच घेतली. मावशींनी मागच्या जिन्यावर बोट ठेवलं. कारण कुणी विचारलं नाही. मी तिथे लाल पेनाने फुली मारली. माणसांचे टॅग आता कळ दाबेपर्यंत गप्प असतात. पंपांचे टॅग पूर्वीसारखे बोलतात, आणि त्यांच्या स्क्रीनवर शेवटचं दिसल्याची वेळ येते.

तुमच्या कारखान्यात, शाळेत, ऑफिसात असा नकाशा घेऊन कुणी आलं तर त्याच्याकडे आधी फुल्यांची यादी मागा. ती जिथे काम करणाऱ्यांना विचारून केलेली नसेल तिथे सही करू नका. मागच्या जिन्यात केबल आधीच ओढून झाली होती. तिचं टोक कापून आम्ही छताचा तो तुकडा लांबी भरून रंगवून घेतला.