सुताराच्या हाताची खूण



धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना पवित्र आत्म्याचे चित्र काढायला सांगितले, की बहुतेक जण गुळगुळीत, पांढरेशुभ्र कबुतर काढतात. पण एखादे मूल लाकडात कोरलेले कबुतर समोर ठेवून चित्र काढते, तेव्हा त्याला बारकाईने पाहावे लागते. पंखांवरच्या पटाशीच्या खाचा, लाकडाच्या वळणदार रेषा, छातीजवळची गाठ, सारे पेन्सिलीने उतरवावे लागते. असे चित्र पाहताना लाकडाचा खडबडीतपणा आपल्या बोटांना जाणवतो, आणि त्या पाखरामागचा सुतारही दिसू लागतो.

त्या खाचा म्हणजे दोष नव्हेत, कोणाच्या तरी श्रमाच्या त्या खुणा आहेत. निर्गमाच्या ३१व्या अध्यायात देव बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो, तो सोन्यारुप्याचे काम करण्यासाठी, रत्ने जडवण्यासाठी आणि लाकूड कोरण्यासाठी. म्हणजे कारागिरी हेही आत्म्याचेच दान आहे. तरी नासरेथच्या लोकांनी प्रभू येशूला सुतार म्हणून हिणवले (मार्क ६:३). ज्या हातांनी लाकूड तासले, तेच हात पुढे लाकडी क्रुसावर खिळले गेले.

आपल्या अमरावती-नागपूर रस्त्यावर गुरुकुंज मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तेथे आश्रम स्थापला आणि ग्रामगीतेतून गावच्या उद्योगांना व श्रमाला मान दिला. १९५५ साली पोप बारावे पायस ह्यांनी १ मे हा कामकरी संत योसेफाचा सण म्हणून ठरवला. वाटा वेगळ्या, पण घामाची किंमत दोघांनीही ओळखली.

आपण मात्र काय करतो? तान्ह्या पोळ्याला लेकरासाठी लाकडी बैल घेताना सुताराशी दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करतो आणि दुकानातले प्लास्टिकचे खेळणे छापील किमतीला मुकाट्याने घेतो. आपलाच मुलगा रंधा हाती धरीन म्हणाला, तर आपल्याला कमीपणा वाटतो. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, ही प्रभूची शिकवण (लूक १०:७) तेव्हा आपण विसरतो.

ह्या आठवड्यात घरातली हाताने घडवलेली एक तरी वस्तू मुलांच्या हाती देऊ या. तिच्यावरून बोट फिरवू द्या, तिचे चित्र काढू द्या. ती कोणी घडवली हे त्यांना सांगा, आणि त्या हातांसाठी घरच्या प्रार्थनेत एक विनंती करा. पुढच्या वेळी कारागीर दारी आला, तर त्याचा पूर्ण मोबदला हसतमुखाने देऊ या.

नासरेथच्या सुतारा, आम्हांला तुझे हात ओळखू दे. आमेन.